परतीचा मंत्र

माझी नात व्हाइटफील्डला एका कंपनीत कामाला आहे आणि दर शनिवारी मित्रमैत्रिणींबरोबर टेबलाभोवती बसून ती जादूगार होते. हे मला परवा कळलं. पंचविशी उलटलेली घोडी, लग्नाचं नाव काढलं की कपाळाला आठ्या, आणि शनिवारी काय, तर म्हणे जादूगार! मी म्हटलं, बाई गं, नीट बस आणि सांग हे काय प्रकरण आहे.

तिनं अगदी रंगून सांगितलं. खेळातला जादूगार सुरुवातीला अगदीच कच्चा असतो. त्याला दोन-चार बारीकसारीक मंत्र येतात. रोज सकाळी उठून त्यानं ठरवायचं, आज कुठले बरोबर घ्यायचे. एकदा म्हटला की तो त्या दिवसापुरता संपला. मग झोप काढायची. झोपून उठलं की सगळे परत येतात. काही अगदी चिल्लर मंत्र असतात, दिवा लावायचा वगैरे, ते कितीही वेळा म्हणावेत. आणि जसजसा तो मुरत जाईल तसतशी वरची पायरी मिळते, वरच्या पायरीचे मोठे मंत्र मिळतात, आणि जुना छोटा मंत्रसुद्धा वरून म्हटला की त्याचा जोर वाढतो.

मी शेंगा सोलत होते. हातातली बशी खाली ठेवली.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? पुस्तक आहे आजी. अमेरिकेत लिहिलंय कुणीतरी, झाली असतील पन्नास वर्षं."

"डोंबल तुझं अमेरिकेत! हे आमच्या अक्कानं केलंय. बसवनगुडीच्या घरात, पलंगावर पडल्या पडल्या. तुझी अमेरिका तेव्हा काय करत होती मला माहीत नाही."

ती हसायला लागली. मला असं हसलेलं खपत नाही. तेव्हा आता सगळं पहिल्यापासून सांगते, म्हणजे कुणाचं कुणी घेतलं याचा निवाडा तुम्हीच करा.

आमचं घर बसवनगुडीत, मोठ्या बसवण्णाच्या देवळापासून जवळ. आम्ही मराठी, पण कुठल्या गावचे असं विचारलं तर घरात कुणालाच धड सांगता येत नसे. तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी पूर्वज घोड्यावर बसून खाली आला आणि परत जायचं विसरला, एवढंच. घरात मराठी, फाटकाबाहेर कानडी, आणि फाटकातल्या फाटकात दोन्हींची खिचडी. पुण्याहून एकदा पाहुणे आले होते. त्यांना आई म्हणाली, "स्वल्प थांबा, कॉफी होतेच आहे." थोडं म्हणायला कानडी ‘स्वल्प’ ऐकून ते तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. आईला मात्र आपलं काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

घरात आम्ही चौघं: अण्णा म्हणजे आमचे वडील, आई, अक्का आणि मी. अक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिच्या पायाला भिंगरी होती. आमच्याकडे कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवण्णाची जत्रा भरते, कडलेकाई परिषे म्हणतात तिला, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेंगांचे ढीग, पाळणे, पिपाण्या, बत्तासे, आणि टेकडीवर देवळात काळाकुळकुळीत दगडी बैल बसलेला, तोच बसवण्णा. अक्का खालच्या पायरीपासून सुटायची ती मध्ये कुठेही न थांबता थेट बसवण्णाच्या पायाला हात लावायची. मग देवळाबाहेर येऊन वरून ओरडायची, "ए गोगलगायी, ये की वर!" गोगलगाय म्हणजे मी. मी खाली धापा टाकत उभी, आणि संतापानं माझ्या डोळ्यांत पाणी.

मग एका पावसाळ्यात अक्काचा घसा धरला. साधा घसा, आईनं हळदीचं दूध दिलं. पंधरा दिवसांनी गुडघा सुजला, तो उतरला तर घोटा, मग मनगट. ताप अंगातून फिरत फिरत शेवटी हृदयापर्यंत पोचला, असं डॉक्टरांनी अण्णांना सांगितलं. अक्काची शाळा सुटली. समोरच्या खोलीत खिडकीशी पलंग टाकला आणि पायाला भिंगरी असलेल्या त्या मुलीला सांगितलं, आता इथून हलायचं नाही.

ती रडली नाही. रडले मीच. तिनं डॉक्टरांना एकच विचारलं, "परिषेला मला वर जाता येईल का?" डॉक्टर म्हणाले, "बघू." पुढं ते अधूनमधून येत, दर खेपेला ती हेच विचारी, आणि दर खेपेला ते "बघू" म्हणत. तिला दुसरं काही नकोच होतं. शाळा नको, नवं परकर-पोलकं नको. तिला त्या पायऱ्या चढून त्या बैलाच्या पायाला हात लावायचा होता.

अशात दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला बाहुल्या मांडतात. हे आम्ही इथलंच उचललेलं, पण इतक्या पिढ्यांपासून की आता आमचंच झालंय. ट्रंका, पाट आणि फळ्या रचून पायऱ्या करायच्या, त्यावर अण्णांचं धुतलेलं पांढरं धोतर अंथरायचं. सगळ्यात वर लाकडी राजा-राणी, आईला लग्नात मिळालेले. त्याखाली देव, मग वरात, मग शिपाई, आणि अगदी खालच्या पायरीवर मातीचा शेट्टी, म्हणजे वाणी: उघडं पोट, कपाळाला गंध, पुढ्यात तांदूळ, डाळ, गुळाचं इवलंसं दुकान. त्या वर्षी आईनं पायऱ्या अक्काच्या पलंगासमोरच मांडल्या. अक्का पडल्या पडल्या फूटपट्टीनं हुकूम सोडत होती. "हत्ती डावीकडे. अगं डावीकडे! जेवतेस त्या हाताला नाही!"

रोज संध्याकाळी आळीतली मुलं बाहुल्या बघायला यायची, हातावर उसळ पडली की पळायची. दिवसभर मात्र आम्ही तिघीच: अक्का, मी आणि शेजारची माझ्या वयाची कानडी मुलगी. एका सकाळी अक्का म्हणाली, "दोघी एकेक बाहुली निवडा. ती तुमची मांत्रिक."

मी सरळ राजाला हात घातला.

"ठेव तो खाली," अक्का म्हणाली. "कुणी वरून सुरुवात करत नसतं. खालच्या पायऱ्यांवरचं काहीतरी घे."

शेजारणीनं तोपर्यंत तलवारवाला शिपाई पटकावलाही होता. माझ्या वाट्याला उरला शेट्टी. मी भोकाड पसरलं. "हा कसला मांत्रिक? हा तर डाळ विकतो!"

"डाळ विकता विकता शिकेल," अक्का म्हणाली. तिच्यापुढं कुणाचं चाललंय!

तर नियम असे होते. मांत्रिकानं, मग तो शिपाई का असेना, अगदी खालच्या पायरीपासूनच सुरुवात करायची आणि तिथं दोनच मंत्र. कुठले ते सकाळी कॉफीच्या आधी अक्काच्या कानात सांगायचं; कॉफी प्यायल्यावर बदल नाही. मंत्र म्हटला की संपला, तो दुसऱ्या दिवशी उठल्यावरच परत. दिवा लावणं, मांजराशी बोलणं, धुरातून चित्रं काढणं, असले बसल्या जागी करायचे मंत्र कितीही म्हणावेत, ते मोजायचे नाहीत. दुसऱ्या पायरीवर अदृश्य होता येई, तिसरीवर उडता. वरचा मंत्र आला म्हणून खालचा टाकायचा नाही: शिपाई दुसऱ्या पायरीवर गेला तेव्हा त्याच्या साध्या उजेडाच्या मंत्रानं सगळी गुहा लख्ख झाली, आणि शेट्टीचा आपला पणतीएवढाच. आणि सगळ्यात मोठा नियम, जो अक्का रोज घोकून घेई: एक मंत्र परतीसाठी ठेवायचा. कितीही राक्षस मारा, खजिने आणा. मांत्रिक घरी परत आला तरच ती मोहीम धरायची. नाही आला तर बस पुन्हा खालच्या पायरीवर.

पलंगाखाली जंगल होतं. रगड्याचा दगड म्हणजे पर्वत, कोठीची खोली म्हणजे पाताळ. अक्का पलंगावरून सांगायची, "आता डाव्या हाताला नदी. नदीत सुसर." आणि आम्ही बाहुल्या हातात धरून मोरीपाशी थबकायचो. घरातला कोपरा न् कोपरा तिनं असा पालथा घातला, पाऊल जमिनीला न लावता.

माझा शेट्टी म्हणजे उधळमाणक्या. कुलूप उघडायचा मंत्र मी भल्या सकाळी आईच्या लाडवांच्या डब्यावर म्हटला. डब्याला कुलूप नव्हतंच! आई चुलीशी होती, झाकण नुसतं उचललं असतं तरी चाललं असतं. दुसरा मंत्र कावळा हाकलण्यात गेला. मग दुपारी शेट्टी कोठीतल्या राक्षसाच्या गुहेत शिरला आणि अडकला.

"आता काय?" मी विचारलं.

"आता काय काय? बस तिथेच उद्यापर्यंत."

मी पाय आपटले, अक्काला वाट्टेल ते बोलले, शेजारणीच्या शिपायाला ढकललं. तो शहाणा रोज दोन्ही मंत्र तसेच घेऊन घरी यायचा आणि शेजारीण "सरी अक्का, सरी अक्का", म्हणजे बरं अक्का, करत पायरी चढायची. माझा शेट्टी रात्रभर तांदळाच्या डब्यामागे. सकाळी आईची किंकाळी ऐकू आली, "अय्यो, हा शेट्टी कुणी ठेवला गं इथं? मला वाटलं घूस!" अक्का इतकी हसली की तिला धाप लागली आणि आईनं आम्हा दोघींना बाहेर हाकललं.

दसऱ्याच्या संध्याकाळी बाहुल्यांना निजवायचं असतं. खरं तर राजा-राणीलाच आडवं करतात, मग दुसऱ्या दिवशी सगळ्या गुंडाळून ट्रंकेत. अक्का म्हणाली, "आई, शेट्टीला निजव."

"अगं राजा-राणीला निजवतात, बाई! शेट्टीला कसं निजवू?"

"राजा काय करतो दिवसभर? वर बसतो. शेट्टीचे सगळे मंत्र संपलेत. झोपेची गरज त्याला आहे."

आई पुटपुटली, पण तिनं तिघांनाही निजवलं. शेट्टी राणीच्या शेजारी नको म्हणून मध्ये राजा घातला. आणि दुसऱ्या दिवशी ट्रंक भरताना शेट्टीला तिनं गुपचूप अक्काच्या खिडकीत ठेवून दिलं. म्हणून आमचा खेळ दसऱ्यानंतरही चालू राहिला.

पुढच्या खेपेला डॉक्टर आले तेव्हा मी दाराआड होते. ते आईला समजावत होते, "आधी उशीला टेकून बसू दे. ते आठवडाभर जमलं तर खुर्ची. मग व्हरांडा. एकदम वरची पायरी नको. एका दिवसात एवढंच, असं सकाळी ठरवायचं, आणि ते झालं की आडवं व्हायचं. झोप झाली की ताकद परत येते. वाचणं, बोलणं कितीही करू दे, त्याला मोजमाप नाही. आणि हे तिला सांगून ठेवा: दमल्यावर थांबायचं नाही, दमायच्या आधी थांबायचं. परत येण्याइतकी ताकद नेहमी शिल्लक पाहिजे."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हे तर आमचे नियम! एवढा मोठा माणूस, बॅग, स्टेथास्कोप, आणि आमच्या अक्काचा खेळ चोरतो? ते गेल्या गेल्या मी अक्काला सांगितलं, "तो डॉक्टर तुझे नियम आईला स्वतःचे म्हणून सांगतोय!"

अक्कानं मला जवळ ओढलं आणि माझी वेणी सोडून पुन्हा घालायला घेतली. "सांगू दे गं," ती म्हणाली. "चांगले आहेत म्हणून सांगतो." खरं कुणी कुणाचे नियम घेतले होते ते मला कळायला पुढं कितीतरी महिने लागले, आणि कळलं तेव्हा मी अंगणात जाऊन पेरूच्या झाडाशी एकटीच रडले.

त्या वर्षी परिषेला अक्का खिडकीतच होती. लोक फाटकावरून जात होते, पिपाण्या वाजत होत्या, आणि ती गजांना धरून बसली होती. आम्ही तिला गरम शेंगा आणून दिल्या. दुसऱ्या वर्षी ती फाटकापर्यंत आली. तिसऱ्या वर्षी अण्णांच्या हाताला धरून टेकडीच्या पायथ्याशी, तिथं एका शेंगवालीनं तिला बसायला पोतं दिलं. त्याच्या पुढच्या वर्षी ती चढायला लागली, आणि अर्ध्यावर थांबली.

मी म्हटलं, "अगं एवढ्याच तर राहिल्या! चल की!"

"माझ्याकडे आता एकच आहे," ती म्हणाली. "तो परतीचा." आणि वळली. वर देवळातली घंटा ऐकू येत होती आणि ही बया शांतपणे खाली उतरली. मला तिचा असा राग आला की घरी येईपर्यंत मी बोलले नाही. ती आपली वाटेत शेंगा खात होती.

दरम्यान शेजारच्यांची म्हैसूरला बदली झाली, शिपायाची मालकीण गेली. मी पोलकं सोडून परकरावर अर्धी साडी नेसायला लागले तरी शेट्टी काही सुटला नाही. आता खेळ कमी आणि गप्पा जास्त, पण दर दसऱ्याला पायऱ्या मांडल्या की अक्का शेट्टीची जागा ठरवायची. आणि मीही काय बदलले असेन ते असेन, शेट्टी वर सरकत होता. ज्या दसऱ्याला तो राजा-राणीच्या लगेच खालच्या पायरीवर बसला तेव्हा त्याच्या पोटाचा रंग उडाला होता आणि एक कान गेला होता.

त्या पायरीवर एक मंत्र मिळायचा, जो खाली कुणालाच येत नसे: आपले उरलेले मंत्र दुसऱ्याला देण्याचा. अक्कानं तो मला लहानपणीच सांगितला होता. वर म्हणाली होती, "पण द्यायला आधी उरायला हवेत ना." आणि डोळे मिचकावले होते.

त्या वर्षी अक्कानं अण्णांना सांगितलं, यंदा मी वर जाणार.

अण्णा सहसा आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढला. "चढशील गं, तुझ्या जिद्दीनं चढशीलही. खाली कशी येशील?"

"खाली यायचं मी बघते."

"काय बघतेस? डॉक्टरांना विचारलंस?"

"विचारलं. बघू म्हणाले."

आई पदरानं डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. अण्णा खूप वेळ व्हरांड्यात फेऱ्या घालत राहिले. शेवटी दारात येऊन म्हणाले, "मी बरोबर असेन. मी थांब म्हटलं की थांबायचं."

आठवडाभर अक्का पडून राहिली. केससुद्धा तिनं स्वतः विंचरले नाहीत, मी विंचरले. आणि सोमवारी सकाळी कॉफीच्या आधी तिनं मला जवळ बोलावलं. "आज तुझे काय आहेत ते उधळू नकोस," एवढंच म्हणाली. ते वय तसल्या खेळाचं नव्हतं माझं. पण मी त्या दिवशी धावले नाही, पाळण्यात बसले नाही, एका फेरीवाल्यानं वजनात मारलं तरी भांडले नाही. माझ्यासारखीनं भांडायचं नाही म्हणजे काय ते मलाच माहीत!

दुपार कलल्यावर निघालो. अक्का चार पायऱ्या चढायची आणि बसायची. लोक वळसा घालून जात. गेल्या वर्षी थांबली होती तिथं पोचलो. अण्णा म्हणाले, "बास?" तिनं मान हलवली. पुन्हा चार, पुन्हा बसणं. तिचे ओठ निळसर दिसायला लागले, मी अण्णांकडे बघितलं, अण्णांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात ती उठून चढायलाच लागली. मग देऊळ आलं. गर्दीतून अण्णांनी वाट केली. तेलानं तुकतुकीत झालेल्या त्या प्रचंड पायावर अक्कानं हात ठेवला, मग कपाळ टेकलं. किती वेळ ती तशीच उभी होती! पुजाऱ्यानं तिला बाजूला हो म्हटलं नाही.

बाहेर येऊन ती कट्ट्यावर टेकली. चेहरा पांढराफटक, पण हसत होती. म्हणाली, "ए गोगलगायी."

"अक्का, उरलाय ना एखादा?"

तिनं हात उलटे करून दाखवले. काही नाही.

"अगं बाई! आणि परतीचा?"

"तो तुझ्याकडे आहे ना," ती म्हणाली.

मला इतका राग आला, इतकं रडू आलं, आणि इतका आनंद झाला की मी तिच्यापुढं पाठ करून खाली बसले. ती माझ्या पाठीवर आली. सतरा वर्षांची मुलगी, पण अंगात काही नव्हतं. अण्णा माझ्यापुढं दोन्ही हात पसरून उलटे उलटे उतरत होते आणि "बाजू, बाजू" म्हणत होते. अक्काचा श्वास माझ्या मानेला लागत होता. खालच्या पायरीवर पोचलो तेव्हा ती माझ्या कानाशी म्हणाली, "घरी पोचलो की मोहीम धरायची. अजून धरायची नाही." घरी आई फाटकात उभी होती. तिनं अक्काला माझ्या पाठीवरूनच कुशीत घेतलं.

त्यानंतरची काही वर्षं बरी गेली. अक्कानं घरी बसून मॅट्रिक केली. खिडकीशी आळीतली मुलं शिकायला येत, आणि गणित संपलं की शेट्टी त्यांच्या हातात जाई. साठ सालानंतरचे ते दिवस आठवले की मला अजून त्या खोलीतला कॉफीचा आणि मुलांच्या पाटी पुसायच्या ओल्या कपड्याचा वास येतो. मग तिच्या पायांना सूज यायला लागली. मग बसल्या जागी धाप. मग हॉस्पिटल.

भेटीची वेळ दुपारची असे. अण्णा तिथंच असत, आई घरून डबा पाठवी आणि मी तो घेऊन बसनं जाई. त्या दिवशी डब्याबरोबर मी पिशवीत शेट्टीही नेला होता. अक्का उशांना टेकून बसली होती, आडवं झालं की तिला श्वास मिळत नसे. शेट्टीला बघून हसली. त्याला मांडीवर ठेवलं आणि त्याच्या उरलेल्या कानावरून बोट फिरवलं. अण्णा डॉक्टरांशी बोलायला बाहेर गेले.

मी तिच्या जवळ सरकले. मी तेव्हा कॉलेजात जाणारी मुलगी, आणि मला दुसरं काही सुचेना.

"अक्का, माझे सगळे आहेत गं. सकाळपासून एकही म्हटला नाही. घे तू."

दोनदा श्वास घेऊन मग तिनं विचारलं, "सगळे?"

"सगळे."

"वेडाबाई," ती म्हणाली. "एक ठेव. घरी कशी जाशील? आई वाट बघत असेल."

मी एक ठेवला. बाकीचे तिचा हात हातात घेऊन तिला दिले. तिनं डोळे मिटले, आणि भेटीची वेळ संपून मला बाहेरच्या बाकावर पाठवेपर्यंत मी तिथंच बसून राहिले.

संध्याकाळी अण्णा वॉर्डातून बाहेर आले, बाकावर माझ्याशेजारी बसले आणि त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाले, "मला इथं थांबायला हवं. आईला तूच जाऊन सांग." मी पिशवी उचलली. बसमध्ये चढले, उतरले, बसवण्णाच्या टेकडीच्या पायथ्यावरून चालत आले, फाटक उघडलं. आई दारात उभी होती. त्या एकावर मी घरी आले.